गुग्गुळाचं क्षेत्र मोजताना तीन सॉफ्टवेअर तीन आकडे का देतात?

ग्वाल्हेरच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. चंबळच्या बीहडातल्या, म्हणजे घळींच्या मुलखातल्या, गुग्गुळाच्या (औषधी डिंक देणाऱ्या झाडाच्या) नोंदी त्यांनी तीन ठिकाणांहून जमवल्या: स्वतःच्या जीपीएसच्या, जुन्या हर्बेरियम शीटवरच्या (वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांच्या) आणि जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक साठ्यावरून उतरवलेल्या. तोच तक्ता जिओकॅट, आर आणि क्यूजीआयएस या तिन्हींत चालवला. ईओओ (सगळ्या ठिकाणांना वेढणाऱ्या बहुभुजाचं क्षेत्रफळ) जिओकॅट आणि आरमध्ये जवळपास सारखा आला, क्यूजीआयएसमध्ये मात्र पाव हिश्शाने जास्त. एओओ (प्रजाती प्रत्यक्ष सापडलेल्या चौकोनांचं क्षेत्रफळ) आरमध्ये सगळ्यांत कमी. त्या विचारतात की खरा आकडा कोणता, बहुभुजाच्या मधला रिकामा भाग वगळायचा का, आणि राजस्थान-गुजरातच्या नोंदी धरायच्या की नाहीत.

क्यूजीआयएसचा घोळ आधी सांगतो, कारण तो तुम्ही दिलेल्या वर्णनावरूनच ओळखता येतो. मागे गूगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा लावला की प्रोजेक्ट बऱ्याचदा वेब मर्केटर या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एका पद्धतीत) जातं, आणि बरेच जण लेयरही त्यातच सेव्ह करतात. मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितकं क्षेत्रफळ फुगतं. ग्वाल्हेरच्या अक्षांशावर, म्हणजे २६ अंशांच्या जरा वर, ही फुगवट जवळपास २४ टक्के आहे. तुमचा पाव हिस्सा तो हाच. भरीला क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत. डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया प्रोजेक्टच्या सेटिंगमधला पृथ्वीचा लंबगोल धरून मोजतं. एरिया लिहून कंसात जॉमेट्री देता तेव्हा ते लेयरच्या प्रोजेक्शनमध्ये सपाट कागदावर मोजावं तसं मोजतं. लेयर साध्या अक्षांश-रेखांशात असेल तर हे दुसरं सूत्र उत्तर 'चौरस अंशां'त देतं आणि त्याला काहीच अर्थ नसतो.

मग कोणतं प्रोजेक्शन घ्यायचं? ग्वाल्हेरकरांची इथे एक खास अडचण आहे. यूटीएम या पट्ट्या-पट्ट्यांच्या प्रोजेक्शनमधल्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि ती मुरैन्याला अगदी लागून जाते. ग्वाल्हेर शहर ४४ मध्ये पडतं, श्योपूर आणि शिवपुरी ४३ मध्ये. तुमचा अभ्यास या चार-पाच जिल्ह्यांपुरता असेल तर ईपीएसजी ३२६४४ (ईपीएसजी म्हणजे प्रोजेक्शनचा ठरलेला क्रमांक, हा ४४ व्या पट्ट्याचा) घेऊन सगळं त्यात बसवा, चूक नगण्य आहे. पण कच्छपर्यंतच्या नोंदी घ्यायच्या असतील तर तोच पट्टा तिथे क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांनी जास्त दाखवेल. त्यापेक्षा समक्षेत्र प्रोजेक्शन घ्या. ईपीएसजी ६९३३ जगभर चालतं. भारतासाठी म्हणून ईपीएसजी ७७५५ सर्रास वापरलं जातं, पण ते आकार जपणारं प्रोजेक्शन आहे, क्षेत्रफळ जपणारं नव्हे. नकाशा छापायला उत्तम, मोजमापाला नको.

इथवरचं सगळं दुरुस्त केलंत की तिन्ही सॉफ्टवेअरचे ईओओ एकमेकांच्या एक-दोन टक्क्यांत येतील. एवढ्या फरकासाठी झोप उडवून घेऊ नका. कारण खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तिथे तिन्ही सॉफ्टवेअर एकमताने चुकीचा आकडा देतात.

ईओओ म्हणजे सगळ्या ज्ञात ठिकाणांना सामावून घेणारा सर्वांत लहान बहिर्वक्र बहुभुज. जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांभोवती दोर ताणून बांधावा तसा. दोराला आतल्या खुंट्यांशी देणंघेणं नसतं. तुमच्याकडे दीडशे नोंदी असल्या तरी हा आकडा ठरवतात त्या बाहेरच्या सात-आठच. एक हिशोब करून पाहू. गुग्गुळ तिथे आहे असं माझं म्हणणं नाही, शहरांचे केंद्रबिंदू नुसते गणितापुरते घेतो. श्योपूर, मुरैना, भिंड आणि शिवपुरी हे चार कोपरे धरले तर बहुभुज साधारण १०,७०० चौरस किलोमीटरचा होतो. ग्वाल्हेर त्याच्या आत पडतं, म्हणजे ते घेतलं काय न घेतलं काय, आकडा तोच. आता भोपाळच्या एखाद्या औषधी बागेत लावलेल्या झाडाची एकच नोंद यादीत राहून गेली असं समजा. बहुभुज ३४,००० चौरस किलोमीटरच्या वर जातो, तिपटीहून जास्त. प्रजाती किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत लहान क्षेत्रासाठी ब निकष आहे, आणि त्यात 'व्हल्नरेबल' (असुरक्षित) वर्गाची मर्यादा २०,००० चौरस किलोमीटर आहे. एका लावलेल्या झाडाने तुमची प्रजाती त्या मर्यादेच्या आतून बाहेर काढली. एओओमध्ये मात्र त्याच नोंदीने फक्त एक चौकोन वाढतो, म्हणजे ४ चौरस किलोमीटर.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: सगळ्या नोंदी सारख्याच बारकाईने तपासायला वेळ नसेल तर निदान कोपरे तपासा. क्यूजीआयएसमध्ये बहुभुजावर 'एक्स्ट्रॅक्ट व्हर्टायसेस' चालवलं की कोपऱ्यांचे बिंदू वेगळे मिळतात, आरमध्ये chull नावाचं फंक्शन त्यांचे क्रमांक देतं. एकेक कोपरा घ्या आणि मूळ शीटपर्यंत, फोटोपर्यंत, गोळा करणाऱ्याच्या वहीपर्यंत जा. एखादा कोपरा बाद झाला की बहुभुज पुन्हा काढा, कारण आता नवे कोपरे पुढे आलेले असतात. तेही तपासा. बाद करण्यासारखं काही उरत नाही तोवर हे चालू ठेवा. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

कोपऱ्यांवर काय सापडतं, ते तुमच्याच भागातल्या उदाहरणांनी सांगतो.

जुन्या शीटवर ठिकाण म्हणून नुसतं 'ग्वाल्हेर' लिहिलेलं असतं. तक्ता भरणारा किल्ल्याशेजारचा बिंदू टाकून मोकळा होतो. पण १९४८ च्या आधीच्या शीटवर ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांचं अख्खं संस्थान असू शकतं, आणि त्यात उज्जैन, मंदसौर, शाजापूर, भेलसा हे सगळं येत होतं. मंदसौरच्या बाजूला तोडलेली फांदी आज ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर भागात पडलेली दिसेल, किंवा कुणी संस्थानाचा मध्य काढून तिसऱ्याच ठिकाणी टाकलेली दिसेल. शीटवर तालुका, गाव, नदी यांपैकी काही नसेल तर अशी नोंद मोजमापातून काढा. शीट खोटी नाही, जागा ठाऊक नाही एवढंच. तिची वेगळी यादी ठेवा.

दुसरी गोष्ट, अंश-मिनिटांची. ग्वाल्हेरचा अक्षांश २६ अंश १३ मिनिटं आहे, दशांशात २६.२२. कुणी तो २६.१३ असा टाकला की बिंदू दक्षिणेला साडेनऊ किलोमीटर सरकतो. २५ अंश ५ मिनिटं ऐवजी २५.५ टाकलं तर तो सेहेचाळीस किलोमीटर उत्तरेला जातो. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. एकाच स्रोतातून आलेल्या नोंदींची रांग लावा आणि दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे पाहा. पुष्कळ नोंदी असूनही ५९ च्या वरचा एकही आकडा नसेल तर तिथे मिनिटं दशांश म्हणून भरली गेली आहेत. आरमधलं कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज अशा चाचण्या आपोआप करतं. शून्य-शून्य बिंदू, राजधानीवर किंवा राज्याच्या मध्यावर टाकलेले बिंदू, संग्रहालयाच्याच पत्त्यावर पडलेले बिंदू, हेही ते दाखवतं. त्याने दाखवलेलं सगळं न बघता उडवू नका. ते संशय दाखवतं, निकाल तुम्ही द्यायचा.

तिसरी गोष्ट आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणांच्या साइटवरून जीबीआयएफमध्ये आलेल्या नोंदींची. संकटग्रस्त प्रजातींची खरी जागा ती साइट मुद्दाम झाकते. बिंदू ०.२ बाय ०.२ अंशांच्या चौकटीत कुठेही टाकला जातो, आणि आपल्या अक्षांशावर ही चौकट साधारण २२ बाय २० किलोमीटरची असते. अशा नोंदीत अनिश्चिततेच्या रकान्यात तीसएक हजार मीटर दिसतात. तो रकाना उघडल्याशिवाय जीबीआयएफचा डेटा वापरायचाच नाही. एओओसाठी या नोंदी निरुपयोगी आहेत. ईओओसाठी राजस्थान-गुजरातच्या पातळीवर चालतील, चार जिल्ह्यांच्या पातळीवर नाही.

आणि नावं. जुन्या शीट कॉमिफोरा मुकुल या नावाने आहेत, आताचं मान्य नाव कॉमिफोरा वाइटीआय. जीबीआयएफ समानार्थी नावं बऱ्यापैकी जोडून देतं, पण हर्बेरियमच्या स्वतःच्या सूचीत शोधताना दोन्ही नावं घाला.

काळाचं भान वनस्पतींपेक्षा पक्ष्यांच्या उदाहरणाने चटकन पटतं. शिवपुरी जिल्ह्यातलं करेरा अभयारण्य १९८१ मध्ये माळढोकसाठी, म्हणजे आपल्याकडच्या सोनचिरैयासाठी, झालं. नव्वदच्या दशकात तो पक्षी तिथून नाहीसा झाला. आज कुणी सगळ्या वर्षांच्या नोंदी एकत्र उतरवून माळढोकचा ईओओ काढला तर करेरा त्यात दिमाखात बसेल, आणि जो पक्षी आज मुख्यतः जैसलमेरच्या बाजूला उरला आहे त्याचं क्षेत्र अर्ध्या भारताएवढं दिसेल. ईओओ आजच्या ठिकाणांवरून काढायचा असतो. जुन्या नोंदी फेकायच्या नाहीत, त्यांचा वेगळा बहुभुज काढायचा. दोन्हींतल्या फरकातून घट दिसते, आणि चालू असलेली घट ही ब निकषातल्या अटींपैकी एक आहे. गुग्गुळाच्या बाबतीत १९६० च्या शीटवरची जागा आज शेत झाली आहे का, धरणाखाली गेली आहे का, हे निदान उपग्रहाच्या चित्रावर तरी बघा. तुम्ही ग्वाल्हेरात आहात. भिंड-मुरैन्याच्या जागा तर स्वतः जाऊन बघता येतील, आणि तशी एक भेट कुठल्याही पॅकेजपेक्षा जास्त सांगते.

आता एओओ. दोन बाय दोन किलोमीटरची जाळी टाकायची, प्रजाती असलेले चौकोन मोजायचे, चाराने गुणायचं. आरमधला आकडा कमी का आला? जाळी कुठून सुरू करता यावर उत्तर बदलतं. तीनशे मीटरवरची दोन झाडं एका चौकोनात पडली तर ४, मधून रेघ गेली तर ८. चार झाडं चार चौकोनांच्या मिळणाऱ्या टोकाभोवती असली तर १६ सुद्धा. आययूसीएनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जाळीच्या जागेनुसार उत्तर बदलत असेल तर सर्वांत कमी उत्तर घ्यावं. आरमधली कॉनआरसारखी पॅकेजेस जाळी अनेकदा सरकवून किमान आकडा शोधतात. तुम्ही तो पर्याय चालू ठेवला असेल तर आरचाच एओओ छापा. क्यूजीआयएसमधली जाळी मर्केटरमध्येच टाकली असेल तर आणखी एक भानगड आहे. तिथले '२००० मीटर' जमिनीवर १८०० मीटरच भरतात, चौकोन ४ ऐवजी सव्वातीन चौरस किलोमीटरचा होतो आणि तुम्ही त्याला ४ ने गुणता.

तुमच्यासारखे काळजीपूर्वक काम करणारे इथे एक हौस करतात. जीपीएस पाच मीटरपर्यंत अचूक आहे, मग जाळी शंभर मीटरची का नको? नको, कारण १०, ५०० आणि २,००० चौरस किलोमीटरच्या मर्यादा दोन किलोमीटरच्या जाळीला धरूनच ठेवल्या आहेत. जाळी बारीक केली की कुठलीही प्रजाती हवी तितकी दुर्मिळ दाखवता येते. चंबळच्या घडियालाचं बघा. जाळीच्या दिशेने सरळ वाहणाऱ्या १०० किलोमीटर नदीला ५० चौकोन लागतात, म्हणजे २०० चौरस किलोमीटर. पात्र ४०० मीटर रुंद धरलं तर प्रत्यक्ष पाणी ४० चौरस किलोमीटरच. तरीही एओओ २०० लिहायचा, कारण भारतातल्या, नेपाळातल्या, सगळ्या प्रजाती त्याच मापाने तोलल्या जातात.

एओओचा खरा दोष वेगळा आहे. ईओओ एका चुकीच्या बिंदूने फुगतो, तर एओओ न फिरलेल्या वाटांनी आकसतो. बीहडात नोंदी रस्त्यांच्या आणि गावांच्या कडेनेच असतात. आतल्या घळींत गुग्गुळ असेलही, पण तिथे कुणी गेलेलं नाही. बिंदूंवरून आलेला एओओ ही खालची मर्यादा आहे, असं स्पष्ट लिहा आणि कोणते चौकोन खरोखर फिरून रिकामे आढळले, कोणत्यांत कुणी गेलंच नाही, हे नकाशावर दोन रंगांत दाखवा. परीक्षकाला याचं मोल कळेल. मॅक्सएन्टचं (हवामानावरून प्रजातीला योग्य जागा वर्तवणारं) मॉडेल चालवून त्यातला 'योग्य' भाग एओओ म्हणून देण्याची फॅशन आहे, ती टाळा. हवामान योग्य असणं आणि झाड असणं यांत बकऱ्या, कुऱ्हाड आणि डिंकासाठी घातलेले घाव येतात. मॉडेल वापराच, पण पुढच्या हंगामात कुठे शोधायला जायचं हे ठरवायला.

बहुभुजाच्या मधला रिकामा भाग वगळायचा का? लाल यादीच्या निकषासाठी नाही. ईओओ हे झाडांनी व्यापलेलं क्षेत्र नाहीच. एखादं संकट, दुष्काळ किंवा रोग, एकाच वेळी सगळ्या ठिकाणांना गाठण्याची शक्यता किती, त्याचा तो अंदाज आहे, आणि ठिकाणं जितकी पांगलेली तितकी ती शक्यता कमी. मधलं ग्वाल्हेर शहर, गव्हाची शेतं, सगळं आत राहू द्या. अल्फा हल नावाची पद्धत मोठ्या पोकळ्या कापते आणि दोन काळांची तुलना करायला ती चांगली आहे, पण तिचा आकडा २०,००० च्या मर्यादेशी लावू नका. एक छोटा नियम मात्र लक्षात असू द्या: ठिकाणं इतकी जवळ असली की ईओओ एओओपेक्षा कमी भरतो, तर ईओओ एओओइतकाच धरायचा.

कॉनआर तुम्हाला 'लोकेशन'चा आकडाही देईल, दहा किलोमीटरच्या जाळीवरून मोजलेला. तो जसाच्या तसा घेऊ नका. निकषातलं लोकेशन म्हणजे एकाच संकटाच्या एका फटक्यात सापडेल एवढा भाग. एकाच ठेक्याखाली डिंक निघतो अशा तीन घळी मिळून एक लोकेशन होतील. हे कुठलंही सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे.

राहिला राजस्थान-गुजरातचा प्रश्न. गुग्गुळ लाल यादीत 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' (अतिसंकटग्रस्त) आहे, पण छोट्या क्षेत्रामुळे नव्हे. राजस्थान, कच्छ, सौराष्ट्र आणि पलीकडे सिंध धरलं तर त्याचा ईओओ प्रचंड आहे. तो त्या वर्गात आला तो संख्येतल्या घटीमुळे, चुकीच्या पद्धतीने डिंक काढून झाडं मेल्यामुळे. तेव्हा तुमच्या ईओओवरून जागतिक वर्ग बदलणार नाही आणि तसा दावाही करू नका. दोन आकडे वेगवेगळे द्या. एक पूर्ण प्रजातीचा, सगळ्या राज्यांच्या आणि पाकिस्तानच्या विश्वासार्ह नोंदी घेऊन, ईपीएसजी ६९३३ मध्ये. दुसरा फक्त चंबळच्या भागाचा, ३२६४४ मध्ये, आणि त्याला 'प्रादेशिक' असं नाव देऊन. प्रादेशिक मूल्यांकनाला आययूसीएनचे वेगळे नियम आहेत आणि त्यात एक प्रश्न असा असतो की बाहेरून बी किंवा रोप येऊन इथली झाडं पुन्हा उभी राहू शकतात का. राजस्थानच्या सीमेपलीकडे सर्वांत जवळचं गुग्गुळ किती किलोमीटरवर आहे हे त्यासाठी मोजावं लागेल.

प्रबंधात प्रत्येक आकड्याशेजारी प्रोजेक्शन, जाळीचं माप, जाळी सरकवली की नाही, पॅकेजची आवृत्ती आणि जीबीआयएफच्या डाउनलोडचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) लिहा. वगळलेल्या नोंदींची कारणांसह यादी परिशिष्टात जोडा. झाडांचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र छापू नका. डिंक काढणारेही नकाशा वाचतात. छापील नकाशात दहा किलोमीटरचे चौकोन दाखवा आणि मूळ तक्ता मागणाऱ्याची खात्री करूनच द्या.